डोंगरमाथ्यावरचीं गांवें

इटली देशाचें नांव निघालें कीं भूगोलाच्या पुस्तकांतील तो बुटासारखा नकाशा, रोम येथील कलोसियम आणि व्हेनिसचे कालवे हींच चित्रें आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु या देशाचा स्वभाव ओळखावयाचा असेल तर मोठीं शहरें सोडून डोंगरमाथ्यावरच्या लहान गांवांत शिरलें पाहिजे. उद्योगानिमित्त गेलीं कांहीं वर्षें आम्ही या देशाच्या उंब्रिया प्रांतांत राहत आहों. त्या अवधींत पायीं हिंडून, बाजारांत व शेतांत चार लोकांशीं बोलून, या गांवांविषयीं जें समजलें तें आमच्या बालमित्रांस व त्यांच्या वडील माणसांस सांगावें असा या लेखाचा हेतु आहे.

उंब्रिया हा प्रांत इटलीच्या अगदीं मध्यभागीं आहे. त्यास कोठेंहि समुद्राचा स्पर्श नाहीं. पुढें रोम शहरांतून वाहत जाणारी टायबर नदी या प्रांतांतून उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते. तिच्या दोन्ही अंगांस टेकड्यांच्या रांगा आहेत, आणि बहुतेक प्रत्येक मोठ्या टेकडीच्या डोक्यावर एक गांव आहे. आपल्याकडे गांव नदीच्या कांठीं वसतें आणि डोंगरावर किल्ला असतो. येथें गांव हाच किल्ला. खालीं सुपीक जमीन व वाहतें पाणी असतांना हीं माणसें एवढ्या उंचावर कां गेलीं, हा प्रश्न नवख्या मनुष्यास प्रथम पडतो. ज्या कारणांनीं हीं गांवें वर गेलीं, त्यांतच त्यांच्या आजच्या अडचणींचें मूळ आहे. म्हणून याच प्रश्नापासून आरंभ करणें बरें.

पहिलें कारण भीति. रोमन साम्राज्य भक्कम होतें तोंपर्यंत सपाटीवरचीं शहरें निर्धास्त नांदत होतीं. इ. स. ४७६ मध्यें पश्चिमेकडील साम्राज्य लयास गेलें, आणि पुढें कित्येक शतकें या देशांत लोकांचें रक्षण करील अशी एक सत्ता उरली नाहीं. तेव्हां ज्याचें त्यानें रक्षण करावें हाच नियम झाला. सुमारें दहाव्या ते बाराव्या शतकांच्या दरम्यान विखुरलेल्या वस्त्या टेकड्यांवर एकवटून त्यांभोंवतीं कोट बांधण्याचा क्रम इटलीच्या पुष्कळ भागांत चालला. कांहीं टेकड्यांवर तर रोमच्या सत्तेपूर्वींच एत्रुस्कन नांवाच्या लोकांनीं शहरें वसविलीं होतीं. उंब्रियाची राजधानी पेरुजा हें त्यांपैकींच एक असून, त्यांनीं रचलेले प्रचंड दगड तेथील एका वेशीस आजहि जागच्या जागीं आहेत.

दुसरें कारण हिंवताप. ‘मलेरिया’ हा शब्दच मुळीं इटालियन आहे. ‘माल’ म्हणजे वाईट आणि ‘आरिया’ म्हणजे हवा. दलदलीवरून उठणाऱ्या वाईट हवेनें ताप येतो अशी लोकांची समजूत होती. समजूत चुकीची होती, परंतु तिच्यावरून घेतलेला बोध उपयोगाचा ठरला. कारण खालीं राहणारा आजारी पडे आणि वर राहणारा त्या मानानें वांचे. खरें कारण समजण्यास १८९७ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं आपल्याच देशांत, सिकंदराबाद येथें, रोनाल्ड रॉस यांस एका जातीच्या डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु आढळले. पुढच्याच वर्षीं इटलींत जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रास्सी व त्यांचे सहकारी यांनीं, ॲनॉफेलीस जातीचा डांसच मनुष्यांत हा रोग पसरवितो, हें सिद्ध केलें. दलदली बुजविण्याचे प्रयत्न त्याच्याहि आधींपासून चालू होते. शेजारच्या तोस्काना प्रांतांत, किआना नदीच्या खोऱ्यांत, पुराचें गढूळ पाणी बांध घालून अडवावयाचें, त्यांतील गाळ खालीं बसूं द्यावयाचा आणि अशा रीतीनें सखल जमीन हळूहळू उंच करावयाची, ही युक्ति अठराव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या प्रमाणावर योजण्यांत आली. सर्व इटली देश हिंवतापापासून मुक्त झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें १९७० सालीं जाहीर केलें.

डोंगरावर जाण्यानें जीव वांचला, परंतु पाण्याचा प्रश्न उभा राहिला. घराघरांतून पावसाचें पाणी सांठविण्याचीं टांकीं असत, तीं पुरेनात. पेरुजाच्या नागरिकांनीं काही कोसांवरच्या पाच्चानो डोंगरावरून नळानें पाणी आणलें आणि भर चौकांत एक कारंजें उभारलें. हें कारंजें १२७५ ते १२७८ या काळांत निकोला पिसानो व त्यांचे पुत्र जोव्हान्नी या शिल्पकारांनीं घडविलें. त्याच्या खालच्या कुंडाभोंवतीं बारा महिन्यांचीं शिल्पें आहेत. त्यांत कापणी आहे, द्राक्षें तुडविणें आहे, थंडीसाठीं डुकराचें मांस करून ठेवणें आहे. शहराच्या मानाच्या जागीं शेतकऱ्याचें वर्षाचें काम कोरून ठेवावें असें त्या लोकांस वाटलें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

ओर्व्हिएतो या गांवची विहीर याहूनहि नवलाची आहे. १५२७ सालीं शत्रुसैन्यानें रोम शहर लुटलें, तेव्हां सातवे क्लेमेंट पोप यांनीं ओर्व्हिएतोच्या कड्यावर आश्रय घेतला. वेढा पडल्यास गांव तहानेनें मरूं नये म्हणून त्यांनीं तेथें विहीर खोदविली. सांगाल्लो या शिल्पज्ञानें ती योजिली व १५३७ च्या सुमारास ती पुरी झाली. तिची खोली सुमारें ५३ मीटर आहे. तिच्या भोंवतीं दोन जिने गोल फिरत खालीं जातात. प्रत्येकास २४८ पायऱ्या आहेत. एका जिन्यानें रिकामीं खेंचरें उतरत आणि दुसऱ्यानें पाणी लादून वर येत. दोन्ही जिने एकमेकांभोंवतीं असे गुंफले आहेत कीं चढणारें व उतरणारें जनावर एकमेकांस वाटेंत कोठेंहि भेटत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं दोन रंगांच्या दोऱ्या एका काठीभोंवतीं गुंडाळून पाहाव्या, म्हणजे हें कोडें तेव्हांच उलगडेल.

गांवाची रचना बहुधा एकाच नमुन्याची असते. वेशींतून आंत गेलें कीं अरुंद, फरसबंद गल्ली लागते. ती वळणें घेत चढत जाते, आणि शेवटीं चौकांत येऊन मोकळी होते. चौकांत एका बाजूस चर्च व घंटेचा मनोरा, दुसऱ्या बाजूस गांवची कचेरी. गल्ल्या मुद्दाम अरुंद ठेवलेल्या. उन्हाळ्यांत त्यांत ऊन शिरत नाहीं, हिंवाळ्यांत वारा शिरत नाहीं, आणि पूर्वीं शत्रूहि सहजासहजीं शिरत नसे. आपल्या घंटेच्या मनोऱ्याविषयीं मनुष्यास जो अभिमान वाटतो त्यास इटालियन भाषेंत ‘कांपानिलिस्मो’ असा स्वतंत्र शब्द आहे. घंटेचा नाद जेथवर ऐकूं येतो तेथवर आपला मुलूख, असा त्याचा भावार्थ. पलीकडच्या टेकडीवरच्या गांवची बोली निराळी, पाककृति निराळी, आणि तेथील लोकांविषयींच्या थट्टेच्या गोष्टीहि निराळ्या!

हा अभिमान डोळ्यांनीं पाहावयाचा असेल तर १५ मे रोजीं गुब्बिओ या गांवीं जावें. संत उबाल्दो हे त्या गांवचे बिशप होते. ते ११६० सालीं निवर्तले. त्यांच्या स्मरणदिनाच्या पूर्वसंध्येस, ज्यांस ‘चेरी’ म्हणतात असे लांकडाचे तीन उंच स्तंभ खांद्यावर घेऊन लोक डोंगरावरील त्यांच्या मंदिराकडे धांवत सुटतात. एकेका स्तंभाचें वजन सुमारें २८० किलो असतें. एकावर संत उबाल्दो, दुसऱ्यावर संत जॉर्ज व तिसऱ्यावर संत अँथनी यांची मूर्ति असते. पहिला गवंड्यांचा, दुसरा व्यापाऱ्यांचा आणि तिसरा शेतकऱ्यांचा मानला जातो. गंमत अशी कीं या शर्यतींत कोणी कोणास मागें टाकावयाचें नसतें. उबाल्दो नेहमीं पहिला, जॉर्ज दुसरा व अँथनी तिसरा. मग स्पर्धा ती कशाची? आपला स्तंभ पडूं न देतां, डगमगूं न देतां आणि अंतर पडूं न देतां वर नेण्याची. मुलगा बापाच्या हाताखालीं खांदा देण्यास शिकतो. अशी ही शर्यत शतकानुशतकें चालत आली आहे, आणि उंब्रिया प्रांताच्या निशाणावर या तीन स्तंभांचेंच चिन्ह आहे.

आतां कोटाबाहेरच्या लोकांकडे वळूं. पुढें शांतता नांदूं लागल्यावर शेतकरी टेकड्यांच्या उतारावर सुटीं घरें बांधून राहूं लागले. जमीन मात्र त्यांची नसे. आपल्याकडील अर्धेलीसारखी ‘मेत्सद्रिया’ नांवाची पद्धत मध्य इटलींत कित्येक शतकें चालली. मालकानें जमीन व घर द्यावें, कुळानें राबावें, आणि धान्य, द्राक्षें, जैतुनाचें तेल यांची वांटणी निम्मेनिम्म व्हावी. एका घरांत तीन तीन पिढ्या राहत. खालीं गोठा व वर माणसें, म्हणजे गुरांच्या अंगची ऊब हिंवाळ्यांत वरच्या खोल्यांस मिळे. घरांतील कर्त्या पुरुषाची आज्ञा सर्वांस शिरसावंद्य असे. कष्ट फार, शिल्लक थोडी, आणि मालकाची मर्जी फिरली तर बिऱ्हाड पाठीवर. दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तरेकडील मिलान, तुरीन इत्यादि शहरांतील कारखान्यांनीं हात पुढें केला, तेव्हां तरुण माणसें शेतें सोडून लोंढ्यानें निघून गेलीं. १९६४ च्या कायद्यानें अशा पद्धतीचे नवे करार करण्यास बंदी झाली. परंतु तोंवर पुष्कळ घरांस कुलुपें लागलीं होतीं.

जीं माणसें राहिलीं त्यांचा दिनक्रम पाहण्यासारखा आहे. रस्त्यांत भेटेल त्यास, मग तो परका असला तरी, नमस्काराचा शब्द बोलल्यावांचून कोणी पुढें जात नाहीं. दुपारीं एकच्या सुमारास दुकानें बंद होतात व सर्व गांव जेवावयास बसतें. संध्याकाळीं आबालवृद्ध स्वच्छ कपडे करून चौकांत फेऱ्या घालतात. यास ते ‘पास्सेज्जाता’ म्हणतात. त्या फेऱ्यांत कोणाचें आजारपण, कोणाच्या मुलाची नोकरी, कोणाच्या शेतास आलेली कीड, या सर्व वार्ता कळतात; एखादी म्हातारी दोन दिवस दिसली नाहीं तर कोणीतरी तिच्या दारावर थाप मारून येतें. येथील पावांत मीठ नसतें. १५४० सालीं तिसरे पॉल पोप यांनीं मिठावरचा कर वाढविला, पेरुजानें बंड केलें व तें मोडण्यांत आलें. तेव्हांपासून आम्ही मीठ वर्ज्य केलें, असें लोक सांगतात. इतिहासपंडितांस ही व्युत्पत्ति मान्य नाहीं. परंतु बंड मात्र खरें. तें मोडल्यावर पोपांनीं पेरुजांत बांधलेल्या किल्ल्याखालीं एक सबंध मोहल्ला गाडला गेला. त्याच्या गल्ल्या आजहि जमिनीखालीं शाबूत आहेत, आणि १९८३ पासून त्यांमधून सरकते जिने लोकांस वरच्या शहरांत नेतात. ‘तेस्तो’ नांवाच्या जाड तव्यावर भाजलेली जाडसर भाकरी हाहि येथील आवडता पदार्थ आहे. मराठी घरांतून आलेल्या मनुष्यास त्या तव्याची ओळख करून द्यावी लागत नाहीं.

कार्तिकाच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत, जैतुनाचीं फळें उतरवितात. झाडाखालीं जाळें अंथरावयाचें, लहान दांताळ्यानें फांदी विंचरावयाची आणि पडलेलीं फळें त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं घाण्यावर न्यावयाचीं; उशीर झाला तर तीं गरम होऊन तेलास वास येतो. आमच्या शेजारच्या आजीबाईंनीं आम्हांस हें काम शिकविलें. फांदी ओढूं नका, पुढच्या वर्षाचें पीक तिच्यावरच यावयाचें आहे, असें त्या पुनःपुन्हां सांगत. त्यांची चारहि मुलें शहरांत आहेत. हाताशीं माणूस नसल्यानें त्यांची निम्मी झाडें बिनतोडणीचीं राहतात. फळें पिकून काळीं होतात, आणि पक्षी तीं खातात.

गांवांचा खरा प्रश्न हाच आहे. ज्या भीतीनें माणसें वर गेलीं ती भीति गेली. ज्या तापानें गेलीं तो तापहि गेला. आतां शाळा, दवाखाना, नोकरी हें सर्व खालीं सपाटीवर आहे. शाळेंत मुलें कमी झालीं कीं शाळा बंद होते. शाळा बंद झाली कीं उरलेलीं तरुण कुटुंबेंहि गांव सोडतात. त्यांत निसर्गाचाहि कोप. ३० ऑक्टोबर २०१६ रोजीं झालेल्या भूकंपांत नोर्चा येथील संत बेनेडिक्ट यांचें प्राचीन मंदिर कोसळलें, केवळ दर्शनी भिंत उभी राहिली. तें पुन्हां उभारण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. पण दगड परत रचतां येतात, एकदां दुसरीकडे रुजलेलीं कुटुंबें परत आणणें त्याहून कठीण.

ओर्व्हिएतोजवळच चिव्हिता दि बान्योरेजो नांवाचें गांव आहे. तें मऊ खडकावर वसलें असून त्या खडकाखालीं चिकणमाती आहे. पावसानें माती वाहून जाते आणि वरच्या खडकाचे कडे ढांसळतात. १६९५ च्या भूकंपानंतर बहुतेक लोक गांव सोडून गेले. आज १९६५ सालीं बांधलेल्या एका लांब पादचारी पुलावरूनच तेथें जातां येतें. राहणारीं माणसें बोटांवर मोजण्याइतकीं आणि पाहावयास येणारीं वर्षास लाखों! २०१३ पासून आंत जाण्यास पैसे द्यावे लागतात. गांव वांचलें खरें. परंतु जेथें संध्याकाळीं चौकांत फेऱ्या घालावयास शेजारी उरले नाहींत, त्यास गांव म्हणावें कीं पदार्थसंग्रहालय, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. दुसरीकडे सिसिलींतील सांबूका या गांवानें २०१९ सालीं ओसाड घरें एक युरोपासून पुढें बोली लावून विकावयास काढलीं. अट एवढीच कीं घेणारानें ठराविक मुदतींत घर दुरुस्त करावें. देशोदेशींच्या लोकांनीं तीं घेतलीं.

आमच्यासारख्या परदेशीयांचा संबंध येथें येतो. बाहेरून येणारा मनुष्य या गांवांस तारील कीं केवळ उन्हाळ्यांतील चार आठवड्यांपुरतीं त्यांचीं दारें उघडील? या बाबतींत आयरिस ओरिगो या विदुषींचें उदाहरण सांगण्यासारखें आहे. त्यांचा जन्म १९०२ सालीं इंग्लंडांत झाला, वडील अमेरिकन. एका इटालियन गृहस्थाशीं विवाह झाल्यावर १९२४ च्या सुमारास हें जोडपें तोस्काना प्रांतांतील व्हाल दोर्चा या उजाड खोऱ्यांत ला फोचे नांवाच्या जमिनीवर राहावयास गेलें. माती धुपून गेलेली, रस्ते नाहींत, मुलांस शाळा नाहीं. त्यांनीं बांध घातले, रस्ते केले, कुळांच्या मुलांसाठीं शाळा व दवाखाना काढला. महायुद्धांत त्यांनीं निराधार मुलांस आपल्या घरीं आश्रय दिला. जून १९४४ मध्यें लढाई दाराशीं येऊन ठेपली, तेव्हां त्या सर्व मुलांस घेऊन त्या पायीं निघाल्या व मोंतेपुल्चानो या डोंगरावरील गांवीं पोहोंचल्या. तेथील लोक पुढें धांवले आणि त्यांनीं मुलांस आपल्या घरांत घेतलें. या दिवसांची त्यांची रोजनिशी १९४७ सालीं प्रसिद्ध झाली. परकी बाई त्या खोऱ्याची झाली ती तेथील देखावा आवडला म्हणून नव्हे, तर तेथील काम आपलें मानलें म्हणून.

त्याच उन्हाळ्यांत, तेथून पूर्वेकडे टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, आपल्या महाराष्ट्रांतील तरुणहि येऊन पोहोंचले होते. मोंतोने हें तेथील एक तटबंदीचें लहानसें गांव. १० जुलै १९४४ रोजीं या भागांत पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणींतील नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर जवळूनच मशीनगनचा मारा झाला. सोबतचे सर्व शिपाई ठार किंवा जखमी झाले. यशवंतराव एकटेच त्या मोर्च्यावर तुटून पडले व त्यांनीं तो निकामी केला. परंतु लगेच लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनीं त्यांचा प्राण घेतला. त्यांचें वय अवघें २२ वर्षांचें होतें. कुलाबा, म्हणजे सांप्रतच्या रायगड जिल्ह्यांतील माणगांव तालुक्याचे ते सुपुत्र. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यांत आला. इटलीच्या लढाईंत असे २० क्रॉस दिले गेले. त्यांपैकीं ६ हिंदी सैनिकांनीं मिळविले, आणि ५,७८२ हिंदी सैनिक तेथें कामास आले. यशवंतरावांची समाधि कोठेंहि नाहीं. त्यांचें नांव कासिनो येथील स्मारकावर कोरलेलें आहे.

मोंतोनेच्या लोकांनीं मात्र आणखी एक गोष्ट केली. जुलै २०२३ मध्यें त्यांनीं आपल्या गांवीं यशवंतरावांच्या नांवानें एक सूर्यघटिकेचें स्मारक उभारलें. आपण सर्व एकाच सूर्याखालीं राहतों, असें त्याचें बोधवाक्य आहे. दीड-दोन हजार वस्तीचें तें गांव. त्याच्यापुढें स्वतःच्या अडचणी थोड्या नाहींत. तथापि माणगांवकडच्या एका तरुणाचें ऋण तें जवळजवळ ऐंशीं वर्षें विसरलें नाहीं. डोंगरमाथ्यावरच्या गांवांनीं आजवर काय काय जपलें याचा हिशेब करतांना तट, बुरूज व कारंजीं यांबरोबर ही आठवणहि धरली पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कांहीं जण पुढें परदेशीं जातील, कांहीं आपल्याच जिल्ह्यांतील एखाद्या अनोळखी गांवीं नोकरीस जातील. जेथें जाल तेथें तीन प्रश्न विचारा: हें गांव येथेंच कां वसलें, त्याचें पाणी कोठून येतें, आणि येथून कोण गेलें व कोण राहिलें? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें पुस्तकांत सांपडतील. तिसऱ्याचें उत्तर मात्र तेथील माणसांच्या दारीं जाऊन, त्यांच्या कामास हात लावल्यावांचून मिळावयाचें नाहीं.